अजगरीण खुडूक बसते तेव्हा

अजगराचं स्त्रीलिंग काय? सगळीकडे आपलं "अजगराची मादी" म्हणून वेळ मारून नेलेली असते. मी या लेखापुरता "अजगरीण" हा शब्द वापरणार आहे, व्याकरणवाल्यांनी चालवून घ्यावं. कारण गोष्ट तिचीच आहे, आणि दर वेळी "अजगराची मादी" लिहायचा मला कंटाळा आहे.

सुरुवात मात्र एका खोक्यापासून करू. अमेरिकेत, युरोपात हजारो लोक घरी अजगर पाळतात. त्यातले बरेच जण अंडीही घरीच उबवतात. त्यांची पद्धत आता इतकी ठरून गेली आहे की एखाद्या इन्स्टॉलेशन गाइडसारखी पाठ म्हणता येते. थर्माकोलचा एक जाड खोका घ्यायचा. (काही जण जुना बंद पडलेला फ्रीज वापरतात. थंड ठेवणारी पेटी ऊबही तितकीच छान धरून ठेवते.) आत गरम होणारी तार किंवा पट्टी, तिला थर्मोस्टॅट. त्या खोक्यात प्लॅस्टिकचा डबा, डब्यात ओलसर व्हर्मिक्युलाइट, म्हणजे कुंडीतल्या मातीत मिसळतात तो भुसभुशीत खनिजाचा चुरा. त्यावर अंडी. तापमान साधारण ३१ अंश. झाकण लावायचं आणि सुमारे ५५ ते ६० दिवस वाट बघायची. मधल्या काळात अंडी अजिबात फिरवायची नाहीत. म्हणून प्रत्येक अंड्याच्या वरच्या बाजूला पेन्सिलीनं खूण करून ठेवतात. अंडं चुकून हललंच, तर पुन्हा कसं ठेवायचं ते कळावं!

आता मला अशा प्रत्येक कॉन्फिगरेशन फाइलबद्दल एकच प्रश्न पडतो. हे आकडे आले कुठून? ३१ च का? २६ का नाही, ३६ का नाही? उत्तर शोधायला गेलो आणि थेट पॅरिसला, १८४१ सालात जाऊन पोचलो. हा खोका म्हणजे एका आईची नक्कल आहे. आणि ती आई हे काम करते हे मान्य करायला शहाण्या लोकांनी सव्वाशे वर्षं घेतली.

आधी थोडं बॅकग्राउंड. साप थंड रक्ताचा, असं आपण शाळेत शिकलो. म्हणजे त्याचं रक्त थंडगार असतं असं नाही. शरीरात स्वतःची उष्णता पुरेशी तयार होत नाही, म्हणून ऊन-सावली करत तापमान सांभाळायचं, एवढाच त्याचा अर्थ. मग अशा प्राण्यानं अंड्यांवर बसून करायचं काय? बहुतेक साप बसतही नाहीत. आपली धामण बिळात, पालापाचोळ्यात अंडी घालते आणि बहुतेक वेळा आपल्या वाटेनं निघून जाते. पुढचं काम जमिनीच्या उबेचं. नागराज, म्हणजे किंग कोब्रा, हा वेगळा नमुना. त्याची मादी शरीराच्या वेटोळ्यांनी पालापाचोळा ओढून चक्क ढीग रचते, त्यात अंडी घालते आणि ढिगावर राखण करते. पण ऊब येते ती कुजणाऱ्या पाल्यातून. तिच्या अंगातून नाही.

अजगरीण मात्र अंडी घालते, ती सगळी एकमेकांना चिकटून एक ढीग होतो, आणि ती त्या ढिगाभोवती वेटोळी घालून, वर डोकं टेकवून बसते. दोन दोन महिने. जवळजवळ काही न खाता. कोंबडी खुडूक बसते ना, अगदी तशी. ज्यांच्या शेताच्या बांधावर किंवा जंगलात अजगर आहेत, त्या लोकांनी हे पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेलं असणार. पण पाहणं वेगळं आणि "ती अंडी उबवते" असं अकादमीत जाऊन सांगणं वेगळं.

ते सांगायचं धाडस केलं लामार-पिको नावाच्या एका फ्रेंच माणसानं. हा गृहस्थ प्रवासी आणि संग्राहक. भारतात, विशेषतः बंगालमध्ये हिंडून त्यानं मूर्ती, वस्तू, प्राण्यांचे नमुने असं बरंच काही गोळा केलं होतं. हा संग्रह फ्रान्स सरकारनं घ्यावा म्हणून त्यानं खूप खटपट केली. शेवटी १८४१ मध्ये तो बव्हेरियाच्या राजाकडे गेला, आणि आज म्युनिकच्या संग्रहालयात आहे. पुढे त्यानं अमेरिकेतलं एक कंदमूळ आणून, बटाट्याला हा पर्याय म्हणून लोकांनी खावं, असाही प्रचार केला. थोडक्यात, प्रत्येक टीममध्ये एक असतो ना, दर आठवड्याला नवी आयडिया घेऊन येणारा, तसा. तर १८३० च्या दशकात त्यानं पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे सांगितलं की भारतातला मोठा साप अंड्यांभोवती वेटोळं घालून बसतो, आणि तेव्हा त्याचं अंग गरम लागतं. तो स्वतःच्या उष्णतेनं अंडी उबवतो.

अकादमीत सापांबद्दल शेवटचा शब्द कोणाचा, तर कॉन्स्तां द्युमेरिल यांचा. त्या काळातला सरीसृपांचा सगळ्यात मोठा जाणकार. त्यांनी हा दावा उडवून लावला. आपल्या भाषेत सांगायचं तर बग रिपोर्टवर "नॉट रिप्रोड्युसिबल" असा शेरा मारून तिकीट बंद केलं.

इथे द्युमेरिलना खलनायक करायचा मोह होतो. साहेबी अहंकार, दूर देशातल्या माहितीला किंमत न देणं, वगैरे. ते थोडंफार असेलही. पण जरा त्यांच्या खुर्चीत बसून बघा. भारतातून येणाऱ्या प्रवाशांच्या पोतडीत सापांच्या गोष्टी काय कमी असायच्या? नाग दूध पितो. धामण गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते. डूख धरतो. डोक्यात मणी असतो. यातली प्रत्येक गोष्ट "मी स्वतः पाहिलंय" असं सांगणारे लोक आजही आपल्याकडे नागपंचमीला भेटतात, आणि यातली एकही खरी नाही. या ढिगातून एकच गोष्ट खरी निघणार आहे हे ओळखायचं कसं? "अजगरीण गरम होते" ही गोष्ट ऐकायला "धामण गाय पिते" याच्याइतकीच विचित्र आहे. उलट शरीरशास्त्राच्या तेव्हाच्या समजुतीनुसार जास्तच विचित्र. द्युमेरिलनी पुरावा मागितला, यात मला तरी चूक दिसत नाही. चूक झाली असलीच तर ती एवढीच, की "माहीत नाही" असं म्हणायच्या जागी त्यांनी "नाही" म्हटलं.

आणि मग गंमत झाली. पॅरिसच्या जार्दां द प्लांत या बागेत १८३८ च्या सुमारास सरपटणाऱ्या प्राण्यांचं एक वेगळं प्राणिघर सुरू झालं होतं. त्यामागे प्रयत्न कोणाचे? द्युमेरिल यांचेच. तिथल्या एका अजगरिणीनं ६ मे १८४१ रोजी १५ अंडी घातली आणि त्यांच्यावर खुडूक बसली! ही बर्मीज पायथन जातीची. आपल्या भारतीय अजगराची जवळची बहीण.

तिच्यावर लक्ष ठेवलं अशील व्हॅलेन्सिएन यांनी. हे मुळात माशांचे अभ्यासक. कुव्हिएबरोबर त्यांनी माशांवरचा एक प्रचंड ग्रंथ लिहिला आहे. म्हणजे हा त्यांचा विषयही नव्हे. पण त्यांनी करायला हवं होतं तेच केलं. थर्मामीटर घेतला आणि मे-जून असे दोन महिने नोंदी ठेवल्या. पिंजऱ्यातल्या हवेचं तापमान, पांघरलेल्या घोंगडीखालचं तापमान, वेटोळ्यांच्या आतलं तापमान. हवा विशीच्या आसपास, तर वेटोळ्यांच्या आत त्याहून कितीतरी जास्त. त्यांच्या नोंदींतला सगळ्यात मोठा आकडा ४१ अंशांच्या वर जातो. (तो आकडा आज कोणी जसाच्या तसा घेत नाही. अंडी उबवणाऱ्या कोणालाही ४१ अंश सांगा, तो कानावर हात ठेवेल.) या काळात अजगरिणीनं खाल्लं काही नाही, फक्त अधूनमधून पाणी प्यायली. २ जुलैला, म्हणजे जवळपास आठ आठवड्यांनी, १५ पैकी ८ अंड्यांतून पिल्लं बाहेर आली.

लामार-पिकोला केवढा आनंद झाला असेल! त्यानं या विषयावर आणखी लिहिलंही. पण तिकीट काही क्लोज झालं नाही. कारण शंका घेणाऱ्यांनी एक अगदी रास्त प्रश्न विचारला. ही उष्णता नक्की कोणाची? पॅरिसच्या गारठ्यात उष्ण देशातले साप जगवायचे तर पेट्यांना ऊब द्यावी लागे, वर घोंगड्या पांघराव्या लागत. घोंगडीखाली जाड वेटोळं घालून बसलेला प्राणी बाहेरची ऊब नुसती साठवून ठेवत असेल तर? गोधडी स्वतः गरम नसते. तरी गोधडीत ऊब असतेच की.

माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सगळ्यात चांगला प्रश्न हाच. कारण तो मोजण्यानं सुटत नाही. कितीही अचूक थर्मामीटर आणा, तो तापमान सांगेल, उष्णतेचा उगम सांगणार नाही. त्यासाठी प्रयोगच वेगळा रचावा लागतो.

पुढची फेरी लंडनची. तिथल्या झूऑलॉजिकल सोसायटीच्या बागेत जानेवारी १८६२ मध्ये एका आफ्रिकन अजगरिणीनं शंभरच्या आसपास अंडी घातली. सोसायटीचे सेक्रेटरी फिलिप स्क्लेटर यांनी एक हुशारी केली. त्याच पिंजऱ्यात एक नरही होता. त्यांनी दोघांचंही तापमान घेतलं. एकच खोली, एकच ऊब, एकच घोंगडी. फरक फक्त अंड्यांवर बसण्याचा. यालाच आपण कंट्रोल म्हणतो. मादी नरापेक्षा खरंच गरम निघाली. पण अंड्यांतून एकही पिल्लू आलं नाही. एप्रिलपर्यंत सगळी खराब झाली. म्हणजे पुरावा मिळाला, तोही अर्धा.

१८८१ मध्ये त्याच बागेत भारतीय अजगरीण अंड्यांवर बसली. या वेळी नोंदी ठेवल्या विल्यम फोर्ब्स या पंचविशीतल्या शास्त्रज्ञानं. त्याच्या निबंधाच्या शीर्षकातच तापमानवाढीला "कथित" असं विशेषण आहे, यावरून वातावरण काय होतं ते समजा. त्यानं आधीच्या सगळ्यांच्या नोंदी उकरून तपासल्या, त्यांच्या पद्धतींतल्या त्रुटी काढल्या. त्याला फरक सापडला, पण पॅरिसच्या मानानं अगदी किरकोळ. बिचारा दोनच वर्षांनी आफ्रिकेत नायजर नदीच्या मोहिमेत वारला. १९३२ मध्ये वॉशिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयातली एक अजगरीण फ्रान्सिस बेनेडिक्ट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मोजली. बेनेडिक्ट म्हणजे शरीरातली उष्णता मोजण्यात आयुष्य घालवलेला माणूस. त्याला ती हवेपेक्षा काही अंशांनी गरम आढळली.

म्हणजे ९० वर्षांत तीन बागा, चार अजगरिणी, चार वेगवेगळे आकडे. प्रॉडक्शनमध्ये कधीतरी येणारा आणि लॉग बघायला बसलं की गायब होणारा बग असतो ना, तसं.

सोडवणूक झाली ती न्यूयॉर्कच्या ब्राँक्स झूमध्ये. हचिसन, डाउलिंग आणि विनेगर या तिघांचा निबंध १९६६ मध्ये "सायन्स" मध्ये आला. जेमतेम तीन पानांचा आहे. (थीसिस लिहिणाऱ्यांनी नोंद घ्यावी.) त्यांनी फक्त तापमान मोजलं नाही. अंड्यांवर बसलेली अजगरीण बंद कक्षात ठेवून ती किती ऑक्सिजन वापरते तेही मोजलं, आणि कक्षाचं तापमान मुद्दाम खाली-वर केलं. इथे सगळी किल्ली आहे. नुसती गोधडी असेल तर खोली गार केल्यावर आतलं सगळंच हळूहळू गार होईल. साध्या थंड रक्ताच्या प्राण्याचा ऑक्सिजनचा वापर तर गारठ्यात कमी होतो. त्याचं इंजिनच मंदावतं. इथे नेमकं उलट झालं. हवा ३३ अंशांच्या खाली गेली की अजगरिणीच्या अंगाचे स्नायू ठरावीक अंतरानं आखडायला लागले, आणि तापमान आणखी उतरवलं तसा ऑक्सिजनचा वापर कित्येक पटींनी वाढला. उष्णता तिचीच होती. आपल्याला थंडीत हुडहुडी भरते, तशी ती मुद्दाम, सतत, आठवडेच्या आठवडे हुडहुडी भरवून घेत होती.

उचकी लागल्यासारखे ते झटके असतात. पाहणाऱ्यांना ते आधीही दिसले असणार. पण त्यांचा हिशेब ऑक्सिजनशी जुळवणारं कोणी नव्हतं.

पुढे १९७० च्या दशकात फ्लोरिडात व्हॅन मिएरोप आणि बर्नार्ड यांनी हे आणखी बारकाईनं तपासलं. यातले व्हॅन मिएरोप पेशानं लहान मुलांच्या हृदयाचे डॉक्टर! हवा जितकी गार, तितके मिनिटाला झटके जास्त, हा हिशेब त्यांनी मांडला. हृदयाच्या डॉक्टरनं ठोके मोजले, यात तसं नवल नाही.

आता थर्मोस्टॅट आला म्हणजे सेन्सर आलाच. तो कुठे आहे? अंड्यांना गार लागतंय हे तिला कळतं का? अ‍ॅरिझोनातल्या ब्रॅशिअर्स आणि डीनार्डो यांनी २०१३ मध्ये याचं उत्तर दिलं. अंड्यांचं तापमान आणि अजगरिणीच्या शरीराचं तापमान त्यांनी वेगवेगळं बदलून पाहिलं. ती अंड्यांच्या तापमानाला नाही, स्वतःच्या शरीराच्या तापमानाला प्रतिसाद देते असं निघालं. म्हणजे सेन्सर अंड्यांत नाही, हीटरमध्ये आहे. ती स्वतःला ऊबदार ठेवते. अंडी तिच्या पोटाशी असतात म्हणून त्यांना ती ऊब मिळते. घरी इन्क्युबेटर करणाऱ्यांच्यात "प्रोब हवेत ठेवायचा की अंड्यांच्या डब्यात" यावरून कायम वाद चालू असतो. निसर्गानं त्यात कोणती बाजू घेतली आहे हे कळल्यावर मला फार हसू आलं.

(एक तांत्रिक खुलासा. १९६६ च्या निबंधात "भारतीय अजगर" असं म्हटलं असलं तरी ती बर्मीज पायथन होती. तेव्हा दोन्ही एकाच जातीचे उपप्रकार मानत. २००९ पासून त्या स्वतंत्र जाती धरल्या जातात. आणि सगळेच अजगर असे हुडहुडत नाहीत. ऑस्ट्रेलियातला डायमंड पायथन हुडहुडतो. घरोघरी सगळ्यात जास्त पाळला जाणारा आफ्रिकेतला बॉल पायथन मात्र नाही.)

आता पुन्हा त्या ३१ अंशांकडे. वरच्या तिघांतल्या विनेगरनं पुढे अंडी वेगवेगळ्या तापमानांना ठेवून पाहिली. त्याचा निबंध १९७३ चा. तिशीच्या जरा वर पिल्लं व्यवस्थित झाली. काही अंश खाली आलं की बिघाड दिसू लागले. आणखी खाली गेलं की गर्भ मेले. म्हणजे अंड्यांना चालणारी पट्टी फारच अरुंद आहे. उष्ण प्रदेशातसुद्धा रात्री, पावसात तापमान त्या पट्टीच्या खाली उतरतं. ती तूट अजगरीण भरून काढते, स्वतःच्या अंगातली चरबी जाळून. दोन महिन्यांनी ती उठते तेव्हा तिचं अंग ओसरलेलं असतं, कातडी सैल पडलेली असते. पुन्हा अंडी घालण्याइतकी ताकद भरून यायला अनेकदा वर्षाहून जास्त काळ जातो.

घरातला खोका नेमकी ही किंमत वाचवतो. अंडी काढून घेतली की अजगरीण लगेच खायला लागते, लवकर सावरते, आणि (इथे धंदा येतो) पुढच्या हंगामात पुन्हा अंडी घालू शकते. म्हणून व्यावसायिक पैदास करणारे बहुतेक सगळे अंडी काढूनच घेतात. काही थोडे जण आईलाच बसू देतात. त्यांना बाकीचे जरा भाबडे समजतात.

पण खोका म्हणजे फक्त हीटर नव्हे, हे बॉल पायथननं शिकवलं. ती हुडहुडत नाही, मग वेटोळं घालून बसते कशाला? या शतकाच्या सुरुवातीला फ्रेंच आणि ऑस्ट्रेलियन संशोधकांनी टोगोमध्ये यावर प्रयोग केले. टोगोच का, तर तिथून दरवर्षी बॉल पायथनची हजारो पिल्लं परदेशात पाळण्यासाठी जातात. गाभण माद्या रानातून पकडून आणायच्या, अंडी घालून घ्यायची, पिल्लं निर्यात करायची, असा तिथला व्यवसाय आहे. संशोधकांनी काही अंडी आईकडे ठेवली, काही काढून घेतली. उत्तर निघालं, पाणी. सापाच्या अंड्याला कोंबडीच्या अंड्यासारखं टणक कवच नसतं. ते चामड्यासारखं मऊ असतं, त्यातून पाणी आत-बाहेर जातं. आईचं वेटोळं अंडी सुकू देत नाही. आईखाली राहिलेल्या अंड्यांतली पिल्लं आकारानं मोठी आणि जास्त चपळ निघाली. ओलसर व्हर्मिक्युलाइट करतं ते हेच काम. फार कोरडं झालं तर अंडी पिचकतात, फार ओलं झालं तर आतला गर्भ गुदमरतो. हाताला ओल लागावी पण मुठीत दाबल्यावर पाणी ठिबकू नये, असं जुने लोक सांगतात. पुरणाला, भाकरीच्या पिठाला जसं "अंदाजानं" असतं, तसंच.

आणि ती पेन्सिलीची खूण? कोंबडी आपली अंडी दिवसातून कितीदा तरी उलटीपालटी करते, ती तशी करावीच लागतात. कोंबडीच्या अंड्यात बलक मधोमध तोलून धरणारे दोन पांढरे पीळ असतात. सापाच्या अंड्यात ते नसतात. अंडं घातल्यावर थोड्याच वेळात गर्भ वरच्या बाजूला स्थिरावतो. नंतर अंडं उलटं केलं तर तो बलकाखाली दाबला जातो आणि मरू शकतो. अजगरिणीची अंडी एकमेकांना चिकटलेली का असतात, याचा एक फायदा इथे दिसतो. ढीग गडगडत नाही. कोंबडीवरून शिकून सापाची अंडी उबवायला बसलेल्यांनी किती अंडी फिरवून फिरवून मारली असतील, देव जाणे. खुडूक बसण्याची उपमा इथवरच चालते.

शेवटी अंडं चिरतं. पिल्लाच्या नाकाच्या टोकाशी एक इवलासा दात असतो, त्यानं ते कवचाला फाट पाडतं, आणि मग बाहेर न येता नुसतं नाक काढून बसून राहतं. एक दिवस, कधी दोन. या वेळात उरलेला बलक पोटात ओढला जात असतो. उतावीळ मालक इथे मदत करायला जातात. करू नये.

घरात उबवलेल्या या यशाचं पुढे काय झालं, तेही सांगायला हवं. बर्मीज पायथनची पिल्लं हातभर असतात, आणि काही वर्षांत बारा-पंधरा फुटांचा प्राणी घरात होतो. फ्लोरिडात कोणी ते सोडून दिले, काही निसटले. १९९२ च्या अँड्र्यू वादळात पैदास केंद्र उद्ध्वस्त झाल्यामुळेही काही बाहेर पडले असं सांगितलं जातं. २००० सालापर्यंत एव्हरग्लेड्सच्या दलदलीत त्यांची वस्ती पक्की झाल्याचं मान्य झालं होतं. तिथले ससे, रकून, ओपॉसम यांची संख्या दाणकन खाली आली. २०१२ मध्ये अमेरिकेनं त्यांच्या आयातीवर बंदी घातली, पण तोवर उशीर झाला होता. फ्लोरिडातल्या रानातही या अजगरिणी अंड्यांवर बसतात आणि हुडहुडतात. पॅरिसमध्ये जिचं कौतुक झालं ती ऊब इथे एका जंगलाच्या मुळावर आली आहे.

आपल्याकडे हे सगळं कुठवर लागू पडतं? भारतीय साप पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. अजगर तर सर्वोच्च संरक्षणाच्या पहिल्या अनुसूचीत. त्यामुळे "भारतीय अजगराची अंडी घरी उबवली" असं कोणी फुशारकीनं सांगत असेल तर त्याला वनखात्याचा नंबर द्यावा. बॉल पायथनसारखे परदेशी साप हल्ली पुण्या-मुंबईतही दिसतात. त्यांच्यासाठी २०२४ च्या नियमांनुसार सरकारी पोर्टलवर नोंदणी लागते. मालकानं अंडी उबवून पिल्लं काढली तर तीही कळवावी लागतात.

आणि तरीही महाराष्ट्रात सापांची अंडी दरवर्षी खोक्यांत उबवली जातात. ती सर्पमित्रांच्या हाताखाली, वनखात्याला कळवून. उन्हाळ्यात, म्हणजे नेमक्या अंडी घालण्याच्या दिवसांत, पाया खणताना, विहिरीचं काम करताना, जुनी भिंत पाडताना जेसीबीच्या दातापुढे अंड्यांचा ढीग येतो. बहुतेक वेळा धामणीची, नागाची, कधी अजगराची. जागा मोडलेली, आई पळालेली किंवा मारलेली. त्या अंड्यांना परत ठेवायला बीळच उरलेलं नसतं. मग प्लॅस्टिकचा डबा, ओलसर माती किंवा नारळाच्या काथ्याचा भुसा, झाकणाला दोन भोकं. मे महिन्यातल्या आपल्या हवेत बऱ्याचदा हीटरही लागत नाही. अंडी उचलायच्या आधी प्रत्येकावर पेन्सिलीनं ठिपका. पावसाळा लागला की पिल्लं निघतात, आणि वनखात्याच्या माणसांसमोर ती मूळ जागेच्या जवळपास सोडली जातात.

राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात भारतीय अजगराच्या विणीचा अभ्यास भूपती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं केला. तिथल्या अजगरिणी स्वतः बीळ खणत नाहीत, साळिंदराच्या बिळात जाऊन बसतात. मे-जूनच्या रखरखाटात अंडी घालतात आणि पहिल्या पावसांपर्यंत तिथेच. त्या बिळात थर्मामीटरची नळी सोडायची म्हणजे तोंडाशी पालथं पडून हात आत घालायला लागतो. आत कधी कधी साळिंदरही असतं.